डोके व मानेच्या कर्करोगातील सामाजिक विषमता : मोजणीतून सुटलेल्यांचा प्रश्न
(गोव्यातील सर्वण गावाच्या संदर्भात उपलब्ध संशोधनाची चिकित्सा)

प्रास्ताविक

ओठ, जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या, घसा, स्वरयंत्र, नाक आणि त्यालगतच्या पोकळ्या या भागांत होणाऱ्या कर्करोगांना एकत्रितपणे डोके व मानेचा कर्करोग म्हटले जाते. भारतात हा आजार विरळ नाही. २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मृत्यू-अभ्यासानुसार २०१० साली ३० ते ६९ वर्षे वयाच्या पुरुषांमध्ये कर्करोगाने झालेल्या मृत्यूंपैकी २२.९ टक्के मृत्यू एकट्या ओठ, तोंड व घशाच्या कर्करोगाने झाले. म्हणजे कमावत्या वयातील पुरुषांच्या कर्करोगमृत्यूंत याच आजाराचा क्रमांक पहिला होता.

हा आजार गरिबाला अधिक होतो, हे आता नव्याने सिद्ध करण्याची गरज राहिलेली नाही. प्रश्न आहे तो, ही विषमता ज्या रीतीने मोजली जाते त्या रीतीचा. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : या विषयावरील बहुतेक अभ्यास कोणत्या ना कोणत्या यादीवर उभे आहेत. कधी ती मतदारांची यादी असते, कधी रुग्णालयाची, कधी कायम रहिवाशांची. ज्यांना हा आजार सर्वाधिक छळतो त्यांचीच नावे या याद्यांत सापडण्याची शक्यता सर्वांत कमी असते. म्हणून आपल्या हाती आलेली विषमता ही खऱ्या विषमतेपेक्षा लहान असण्याचा संभव आहे. हे तपासण्यासाठी डिचोली तालुक्यातील सर्वण या गावाचा संदर्भ घेतला आहे.

१. जागतिक अभ्यास आणि उरलेला एक तृतीयांश

या क्षेत्रात डेव्हिड कॉनवे व त्यांच्या सहकाऱ्यांचे काम पायाभूत मानले जाते. २००८ साली त्यांनी मुखकर्करोगाचे रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांची तुलना करणारे ४१ अभ्यास एकत्र केले. कमी शिक्षण असलेल्यांत हा धोका १.८५ पट, खालच्या श्रेणीचा व्यवसाय असलेल्यांत १.८४ पट आणि कमी उत्पन्न असलेल्यांत २.४१ पट आढळला. पुढे २०१५ साली २७ देशांतील ३१ अभ्यासांची माहिती एकत्र करून डोके व मानेच्या सर्व कर्करोगांचा विचार झाला. तेथे कमी शिक्षणाशी जोडलेला धोका २.५ पट निघाला.

या दुसऱ्या अभ्यासाचा खरा महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच आहे. गरीब माणूस अधिक धूम्रपान करतो, अधिक दारू पितो, म्हणून त्याला आजार होतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु सिगारेट व मद्य यांचा हिशेब वजा केल्यावरही वाढीव धोक्याचा सुमारे एक तृतीयांश भाग शिल्लक राहिला. ज्यांनी आयुष्यात तंबाखू वा मद्याला स्पर्श केला नाही अशांतही कमी शिकलेल्यांचा धोका १.६१ पट होता. ज्या देशांत उत्पन्नातील दरी अधिक, तेथे हा न उलगडलेला भाग अधिक होता. 'ज्याचे त्याने सवयीने ओढवून घेतले' या नैतिक निवाड्याला या आकड्यांनी उत्तर दिले आहे, हे या अभ्यासाचे मोठे श्रेय होय.

तथापि त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागेल. तेथे वजा केलेल्या सवयी आहेत सिगारेट आणि मद्य. आपल्याकडे चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, गुटखा, दातांना लावायची मशेरी, पानातील आणि नुसती चघळायची सुपारी अशी दुसरीच मालिका आहे. तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवले. तेव्हा पाश्चात्त्य देशांतील 'उरलेला एक तृतीयांश' आपल्याकडे तसाच उचलून आणता येणार नाही. तो आपल्याला आपल्याच मातीत मोजावा लागेल.

आणखी एक फरक सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेसारख्या देशांत घशाच्या कर्करोगातील मोठा वाटा आता एका विषाणूच्या संसर्गाचा आहे आणि तो सुस्थितीतील वर्गातही आढळतो. त्यामुळे तिकडच्या विषमतेचे चित्र गुंतागुंतीचे झाले आहे. भारतात तोंडाच्या पोकळीचा, विशेषतः गाल व हिरडीचा कर्करोग प्रमुख आहे आणि त्याचे नाते अजूनही चघळण्याच्या सवयींशी व गरिबीशी घट्ट आहे.

२. भारतीय अभ्यास : कोणाला मोजले, कोण सुटले

भारतात कर्करोगाच्या मोजणीचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग नोंदणीचा. मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. १९८०च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू झाला. दुसरा मार्ग मृत्यूंच्या चौकशीचा. वर उल्लेखिलेल्या देशव्यापी अभ्यासात २००१ ते २००३ या काळात सुमारे ११ लाख घरांतील मृत्यूंची, नातेवाइकांना लक्षणे विचारून, कारणमीमांसा करण्यात आली.

या दोन मार्गांनी मिळालेली चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि टीकाकाराने नेमके येथेच थांबून विचार केला पाहिजे. नोंदणीचे आकडे पाहिले तर कर्करोग हा शहरी आजार वाटतो. बार्शीच्या ग्रामीण नोंदणीतील प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी असते. मृत्यूंच्या चौकशीत मात्र ग्रामीण पुरुषांत दर लाखामागे ९५.६ आणि शहरी पुरुषांत १०२.४, म्हणजे जवळजवळ सारखेच प्रमाण निघाले. उलट शिक्षणाप्रमाणे पाहिले तर निरक्षर पुरुषांत १०६.६ आणि सर्वाधिक शिकलेल्यांत ४५.७, स्त्रियांत अनुक्रमे १०६.७ आणि ४३.४. हे आकडे सर्व प्रकारच्या कर्करोगांचे आहेत आणि दोन्ही मार्गांचे प्रदेश व पद्धती भिन्न आहेत, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करणे अशास्त्रीय ठरेल. तरीही इशारा स्पष्ट आहे. रुग्णालयाच्या दारातून मोजले तर गरीब कमी दिसतो. स्मशानाच्या वा कब्रस्तानाच्या दारातून मोजले तर तोच अधिक दिसतो. मधल्या वाटेत तो कोठे हरवला, हा संशोधनाचा विषय असायला हवा होता.

मुंबईतील मोठा समूह-अभ्यास हे दुसरे उदाहरण. १९९०च्या दशकात डॉ. प्रकाश गुप्ता व सहकाऱ्यांनी ३५ वर्षांवरील सुमारे १,४८,००० मुंबईकरांची माहिती घेतली. त्यावर आधारलेल्या, ग्लोरियन सोरेनसन यांच्यासह २००५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात शिक्षण व व्यवसाय यांची पायरी जसजशी खाली जाते तसतसे तंबाखूचे प्रमाण वाढते, हे स्पष्ट दाखवले गेले. भारतीय संशोधनातील हे मोलाचे काम आहे. परंतु त्याचा आधार मतदारयादी हा होता, आणि पहारा असलेल्या उच्चवर्गीय वसाहतींत प्रवेश मिळणे अवघड म्हणून तो भाग वगळण्यात आला होता. म्हणजे वरचे टोक दाराच्या पहाऱ्यामुळे सुटले आणि ज्यांचे नाव मतदारयादीत नाही असे खालचे टोकही सुटले. शिडीच्या वरच्या व खालच्या पायऱ्या काढून मधल्या पायऱ्यांचा उतार मोजला, तरी तो एवढा तीव्र निघाला. पूर्ण शिडी मोजली असती तर काय दिसले असते, याचा अंदाज वाचकाने करावा.

३. सर्वण : सरासरीच्या पोटातील गाव

आता गोव्याकडे वळू. प्रौढांच्या तंबाखू वापराच्या जागतिक पाहणीची दुसरी फेरी भारतात २०१६-१७ साली झाली. तीत देशाचे प्रमाण २८.६ टक्के, महाराष्ट्राचे २६.६ टक्के आणि गोव्याचे ९.७ टक्के निघाले. गोवा देशात सर्वांत खाली होता. या यशामागे प्रयत्न आहेत. शल्यचिकित्सक डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्यांनी तंबाखूविरोधी चळवळ उभी केली. धूम्रपान व थुंकण्यास बंदी करणारा राज्याचा कायदा १९९७ साली आला. २००५ साली सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून गुटख्यावर बंदी घालण्यात आली. महाराष्ट्राने २००२ साली घातलेली गुटखाबंदी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नव्हती, हे लक्षात घेता गोव्याचा मार्ग कायदेशीरदृष्ट्याही विचारपूर्वक होता.

पण ९.७ टक्के हा राज्याचा आकडा आहे. तो डिचोलीचा नाही, पेडण्याचा नाही आणि सर्वणचा तर नाहीच. ही पाहणी राज्याच्या पातळीवर आखलेली असते; तीतून तालुक्याचे चित्र निघत नाही. सर्वण हे कारापूर-सर्वण पंचायतीतील गाव. ज्या तालुक्यात ते आहे तेथे एका बाजूला कुळागरे व भातशेती, दुसऱ्या बाजूला खाणी, खनिजवाहू ट्रक आणि औद्योगिक वसाहत अशी जीवनाची वाटणी आहे. खाण व्यवसाय २०१२ साली थांबला, न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाला, २०१८ साली लीज रद्द झाल्याने पुन्हा बंद पडला आणि डिचोलीचा पट्टा लिलावानंतर २०२४ साली पुन्हा चालू झाला. कामाची ही चढउतार म्हणजे उत्पन्नाची चढउतार. संशोधनाच्या प्रश्नावलीत 'मासिक उत्पन्न' असा एकच रकाना असतो. ज्याचा ट्रक सहा वर्षांत दोनदा दारात उभा राहिला त्याने त्या रकान्यात कोणता आकडा लिहावा?

सुपारीचेही तसेच. कुळागराच्या प्रदेशात सुपारी हे उत्पन्नाचे पीक आहे, देवकार्यातील वस्तू आहे आणि पाहुण्याच्या पुढे ठेवायचा मानही आहे. तंबाखूच्या टक्केवारीत नुसती सुपारी येत नाही. म्हणून तंबाखूचा आकडा कमी आहे एवढ्यावरून तोंडाच्या कर्करोगाचा धोका तेवढाच कमी आहे, असे म्हणता येणार नाही.

मशेरीचा प्रश्न मुख्यतः स्त्रियांचा. तंबाखू भाजून केलेली ही पूड दात घासण्यासाठी म्हणून लावली जाते, त्यामुळे ती व्यसन म्हणून सांगितलीच जात नाही. केंद्र सरकारने १९९२ साली दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत तो आदेश पोहोचणे शक्य नव्हते. 'आपण तंबाखू खाता का?' या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल. चूक तिच्या उत्तराची नसून प्रश्नाची आहे.

४. अंतर नव्हे, कागद

ग्रामीण महाराष्ट्रावरील अभ्यासांत रुग्ण उशिरा येण्याचे प्रमुख कारण अंतर हे दिले जाते. गोव्यात हे कारण तितकेसे लागू पडत नाही. साखळी व डिचोली येथे सरकारी आरोग्य केंद्रे आहेत, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय त्याच जिल्ह्यात आहे. मग विषमता कोठे राहते? प्रस्तुत लेखकाच्या मते ती कागदात राहते.

२०१६ साली सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ही गोव्याची स्तुत्य योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे विमा-संरक्षण तीत ठरवले गेले, आणि उत्पन्नाची मर्यादा न ठेवता ते सर्वांसाठी खुले केले गेले. अट एकच : गोव्यात किमान पाच वर्षांचे वास्तव्य. खाणीवर, बांधकामावर वा कारखान्यात काम करण्यासाठी तीन वर्षांपूर्वी आलेला मजूर या अटीत बसत नाही. केंद्राची २०१८ सालची आयुष्मान भारत योजना राज्याबाहेरही चालते, पण सुरुवातीला मुख्यतः २०११ सालच्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीत कुटुंबाचे नाव असेल तरच तिचा लाभ मिळत होता. २०१८ पासूनच गोव्याच्या सरकारी रुग्णालयांत राज्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात झाली आणि शेजारच्या दोडामार्गात त्याविरुद्ध आंदोलन झाले. डिचोलीची सीमा ओलांडली की दोडामार्ग. भाषा एक, सवयी त्याच, हिरडीवरचा पांढरा चट्टाही तोच. पण कागद निराळा.

मर्यादित साधने आधी आपल्या रहिवाशांना द्यावीत, ही राज्याची भूमिका समजण्यासारखी आहे आणि तिच्यावर निवाडा देणे हा या लेखाचा हेतू नाही. मुद्दा संशोधनाचा आहे. कर्करोग नोंदणीतही सामान्यतः किमान एक वर्ष त्या भागात राहणाराच 'रहिवासी' म्हणून धरला जातो. म्हणजे उपचाराच्या यादीतून जो सुटतो तोच अभ्यासाच्या यादीतूनही सुटतो. शिवाय राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० सालच्या अहवालात २८ लोकसंख्याधारित केंद्रांचे आकडे होते. महाराष्ट्राची मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड अशी केंद्रे त्यांत होती, गोव्याचे एकही नव्हते. त्याच अहवालात रुग्णालयांतून आलेल्या डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी ६६.६ टक्के रुग्ण आजार आसपासच्या भागात पसरल्यावर आलेले आढळले. हे आरशासमोर तोंड उघडले तरी दिसू शकणाऱ्या आजाराचे चित्र आहे.

५. धर्म हे चल आणि शिक्षण हे चल

मुंबईच्या नोंदणीच्या आरंभापासून डॉ. जस्सावाला व सहकाऱ्यांनी हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी अशी धर्मवार आकडेवारी दिली. तिचा उपयोग झाला. चघळण्याच्या व ओढण्याच्या सवयींतील फरक त्यातून पुढे आले. पण धर्मवार तक्ता वाचताना दोन चुका होतात. एक, समाजाची सवय ही धर्माची शिकवण समजली जाते. दुसरी, धर्माच्या रकान्याखाली लपलेला व्यवसाय व शिक्षण दिसेनासे होतात. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम कामगारांचे स्वयंरोजगारात व विडीसारख्या घरबसल्या उद्योगांत असलेले मोठे प्रमाण दाखवून दिले. विडी वळणाऱ्या कारागिराच्या आजाराची चौकशी त्याच्या जमातीच्या नावाने करणे म्हणजे कारखान्याचा पत्ता सोडून घराचा पत्ता शोधणे होय.

उलट 'शिक्षण' हे चल निरपवाद असल्यासारखे वापरले जाते, त्याचीही चिकित्सा व्हावी. शाळेत गेलेली वर्षे धोका कमी करतात म्हणजे नेमके काय होते? पुस्तकातील आरोग्याचा धडा वाचवतो, की शिक्षणामुळे मिळालेली पगारी रजा? अर्ज भरण्याचे कसब वाचवते, की डॉक्टरसमोर प्रश्न विचारण्याचे धैर्य? बहुतेक अभ्यास हा भेद करत नाहीत. साक्षरता ८८.७ टक्के (२०११) असलेल्या गोव्यात तर 'निरक्षर' गट लहान आहे. तेथे शिक्षणाच्या वर्षांपेक्षा कामाचे स्वरूप व वास्तव्याचा कागद हेच भेद अधिक बोलके ठरावेत. शिक्षणसंस्थांनी या प्रश्नात लक्ष घालण्याचे कारण हेच आहे. शिक्षण हे औषध आहे असे म्हणून समाधान मानण्याआधी, त्यातील कोणता गुण लागू पडतो हे शोधणे आपले काम आहे.

६. विषमता मोजणारे आणि विषमता कमी करणारे संशोधन

दोन अभ्यासांची नोंद घेतल्याशिवाय ही चिकित्सा एकांगी होईल. बार्शी येथे १९८७ साली सुरू झालेल्या ग्रामीण नोंदणीने रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट पाहिली नाही. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयितांना तपासणीसाठी आणत. मोजणी आणि प्रबोधन ही एकाच फेरीत झाली. तिरुवनंतपुरम येथील डॉ. शंकरनारायणन यांच्या अभ्यासात प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी तोंडाची तपासणी केली. २००५ सालच्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. साध्या उजेडात केलेल्या साध्या तपासणीने एवढे साधले.

पण येथेही सुटलेले आहेतच. तपासणीत संशयास्पद आढळलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्केच लोक पुढील तपासणीला गेले. उरलेले ३७ टक्के कोण होते? त्यांची मजुरी बुडत होती, की घरात सोबत यायला कोणी नव्हते, की निदानाचीच भीती होती? यशाच्या आकड्याइतकाच हा आकडाही अभ्यासाला योग्य आहे.

उपचाराच्या बाजूने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे काम उल्लेखनीय आहे. पुढच्या अवस्थेतील रुग्णांना नेहमीच्या मात्रेच्या सुमारे ६ टक्के इतक्या अल्प मात्रेत निवोलुमॅब हे महागडे औषध स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिले असता एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेल्याचे तेथील डॉक्टरांनी २०२२ साली दाखवले. येथे गरिबी ही तळटीप राहिली नाही. रुग्णाला काय परवडेल, हा प्रश्नच संशोधनाचा आरंभबिंदू झाला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, डोके व मानेच्या कर्करोगातील विषमता सिद्ध करणारे पुरावे भरपूर आहेत, पण ते बव्हंशी यादीतील माणसांचे आहेत. सर्वणसारख्या गावात पुढील काम करावयाचे झाल्यास त्याचा आरंभ मतदारयादीने न होता वस्तीने व्हावा : भाड्याच्या खोल्या, मजुरांच्या झोपड्या, ट्रकतळ आणि कुळागरातील कामकरी यांच्यापासून. उत्पन्नाच्या एका आकड्याऐवजी गेल्या दहा वर्षांतील कामाचा इतिहास विचारावा. 'तंबाखू खाता का' असे न विचारता तोंडात काय काय जाते ते नावानिशी, मशेरी व सुपारीसह, विचारावे. वास्तव्याची वर्षे व हाती असलेली कार्डे नोंदवावीत. आणि जो तपासणीनंतर पुढे गेला नाही त्याच्या घरी पुन्हा जावे. कारण या आजाराची सामाजिक बाजू समजायची असेल तर न आलेल्या माणसाकडे जाणे हाच खरा अभ्यास आहे.

गोव्याचा ९.७ टक्के हा आकडा अभिमानाचा आहे. तो सर्वणच्या शेवटच्या खोलीपर्यंत खरा आहे का, एवढे तपासण्याची तयारी असेल तरच तो अभिमान टिकाऊ ठरेल.